पानिपत, पिकार्ड आणि गुलाबी बोंडअळी

'स्टार ट्रेक'मधला खान हा खलनायक पहिल्यांदा दिसला तो १९६७ साली, अमेरिकी टीव्हीवरच्या तासाभराच्या एका भागात. शेवटी कॅप्टन कर्क त्याला त्याच्या माणसांसह एका रानटी ग्रहावर सोडून देतो आणि आपल्या वाटेला लागतो. मालिका १९६९ मध्ये ७९ भागांवर बंद पडली. दहा वर्षांनी चित्रपट निघाला, त्यावर पैसा बक्कळ ओतला, पण बहुतेकांना तो थंड वाटला. मग दुसऱ्या चित्रपटासाठी निर्माता हार्व बेनेट मालिकेचे सगळे जुने भाग बघत बसला आणि त्यातून त्याने खानाची गोष्ट हेरली. दिग्दर्शक निकोलस मेयरची तर मालिकेशी फारशी ओळखही नव्हती.

१९८२ च्या या 'द रॅथ ऑफ खान'मध्ये खान सूड घ्यायला परत येतो, एवढं नावावरूनच कळतं. पण कर्क आपल्याला भेटतो तो त्याच्या वाढदिवशी. डॉक्टर मॅकॉय त्याला भेट देतो चष्म्याची. पडद्यावर तारे पालथे घालणाऱ्या या माणसाला आता जवळचं वाचता येत नाही, बढती मिळून तो टेबलाशी बांधला गेलाय, आणि हाताखाली कोवळी पोरं यान चालवायला शिकताहेत. आजवर मरणाला हुलकावणी देत आलेल्या या माणसाला शेवटी काचेच्या एका बाजूला उभं राहून, दुसऱ्या बाजूला किरणोत्सर्गाने मरणाऱ्या जिवलग मित्राला, स्पॉकला, पाहावं लागतं. दोघांचे तळवे काचेला टेकलेले, मध्ये बोटभर अंतर, आणि काही करता येत नाही.

२०१३ मध्ये जे. जे. अब्राम्सने 'इंटू डार्कनेस' काढला. त्यात तोच खान, तीच काच, तसेच टेकलेले तळवे. फरक एवढाच की या वेळी आत कर्क आणि बाहेर स्पॉक. जुन्या चित्रपटात कर्कने खानाच्या नावाने फोडलेला टाहो इथे स्पॉक फोडतो. थोड्याच वेळात खानाचं रक्त टोचून कर्क जिवंत होतो आणि सगळं पूर्ववत.

हे दोन्ही चित्रपट आठवणीवरच उभे आहेत. म्हणून 'जुनं उगाळू नका' एवढं सांगून आठवण की नावीन्य हा वाद मिटत नाही. १९८२ च्या चित्रपटाने जुना माणूस घेतला आणि त्याला नवा प्रश्न घातला: तुझं वय झालं, आता काय करशील? २०१३ च्या चित्रपटाने जुना प्रसंग घेतला आणि आपल्याला विचारलं: ओळखलंत ना? पन्नास-साठ वर्षं चाललेल्या विज्ञानकथांच्या मालिकांकडे मी याच चाळणीतून बघतो, आणि मला वाटतं, मराठी विज्ञानकथेकडेही याच चाळणीतून बघायची वेळ आली आहे.

आमच्या घरी, वर्ध्याच्या रामनगरात, हा वाद दिवाळीच्या फराळासोबत होतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, त्या पिढीचा मी. इंग्रजी निम्म्याहून जास्त डोक्यावरून जायचं, पण पाय हलायचे नाहीत. माझी भाची सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकते. तिला हे सगळं मोबाइलवर हवं तेव्हा मिळतं, त्यामुळे वाट पाहण्यातली गोडी ती मानत नाही. मागच्या दिवाळीत खानाचे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवले तर म्हणाली, "मामा, तेच तेच पाहाले काहून आवडते तुमाले? आंधी स्पॉक मेला, मंग कर्क मेला, आन् आता दोघंही जित्ते!" मी पहिल्या चित्रपटाची बाजू लावून धरली. तिने मला गप्प केलं ते वेगळ्या मुद्द्यावर. तिचं म्हणणं असं, की तुमच्या लहानपणी तुम्हाला हे आवडलं कारण तेव्हा ते कोणी पाहिलेलंच नव्हतं. मग आमच्या वाट्याला तुमची आठवण का?

तिच्या या प्रश्नाला एक उत्तर व्यवहाराचं आहे. २०१२ मध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स'कर्त्या जॉर्ज लुकासची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलर्सना घेतली. एवढी रक्कम मोजणारा माणूस आधी हक्काचं गिऱ्हाईक बघतो. २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स' बघा. वाळवंटातलं एकाकी पोर, गुप्त माहिती पोटात घेऊन फिरणारा छोटा यंत्रमानव, ग्रह उडवणारं प्रचंड अस्त्र आणि त्याचा नेमका एक कच्चा दुवा. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'चा सांगाडा जवळपास तसाच. कमाई दोन अब्ज डॉलर्सच्या वर गेली. २०१७ मध्ये रायन जॉन्सनने 'द लास्ट जेडाय'मध्ये जुन्या नायकाला, ल्यूक स्कायवॉकरला, हरलेला आणि स्वतःच्या दंतकथेला विटलेला दाखवलं, तर चाहत्यांत उभी फूट पडली. म्हणून २०१९ च्या पुढच्या चित्रपटात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मेलेला सम्राट पॅल्पटीन परत आणला, आणि तो कसा वाचला याचं धड स्पष्टीकरणही दिलं नाही. तीन चित्रपटांची कमाई मात्र पायरीपायरीने उतरत गेली: दोन अब्जांवरून सव्वा अब्जाच्या आसपास आणि मग एक अब्जाच्या थोडी वर. भीतीपोटी जुन्याकडे धावूनही तिजोरी भरली नाही. आकड्यांनी कलेचं माप काढू नये हे खरं, पण व्यवहाराचं कारण देणाऱ्यांनी हे आकडेही बघावेत.

त्याच 'स्टार वॉर्स'च्या घरातून २०२२ मध्ये 'अँडॉर' आली. टोनी गिलरॉयची, दोन हंगामांची, चोवीस भागांची मालिका. जेडाय योद्धे नाहीत, लखलखत्या तलवारी नाहीत. तिच्यातला तुरुंगाचा भाग मी भाचीच्या आग्रहाने पाहिला आणि त्यानंतर तिच्याशी वाद घालणं मला जड जाऊ लागलं. पांढराशुभ्र कारखाना, पायात काही न घालता उभे कैदी, आणि जमिनीतून केव्हाही सोडता येणारा विजेचा झटका. एका दालनात सात टेबलं, प्रत्येक टेबलावर सात माणसं. दर पाळीला टेबलांची आपसात शर्यत, मागे पडलेल्या टेबलाला झटका. म्हणजे पहारेकरी मोजकेच लागतात, कैदीच एकमेकांना हाकतात. किनो लॉय हा मुकादम स्वतः कैदीच आहे आणि सुटकेचे दिवस मोजत हुकूम सोडतो. मग एक दिवस बातमी फुटते, की मुदत भरलेले कैदी घरी जातच नाहीत, त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन पुन्हा कामाला जुंपतात. त्या क्षणी किनोचा चेहरा बदलतो तो पाहण्यासारखा आहे. पुढे कैदी उठाव करतात, पाच हजार माणसं बाहेर पडतात, समोर समुद्र, सगळे उड्या टाकतात आणि किनो काठावर उभा राहून सांगतो, मला पोहता येत नाही. ते कैदी जे भाग जोडत होते ते १९७७ च्या चित्रपटातल्या त्या ग्रहभेदी अस्त्राचे होते, हे आपल्याला नंतर कळतं. जुन्या चित्रपटाशी धागा आहेच, पण त्या अस्त्राच्या झगमगाटामागे कुणाचे हात राबले, हा प्रश्न पंचेचाळीस वर्षं कुणाला पडला नव्हता.

'स्टार ट्रेक'वाल्यांनी असं धाडस १९८७ मध्येच केलं होतं. कर्क-स्पॉक हयात आणि लोकप्रिय असताना 'द नेक्स्ट जनरेशन'ने गोष्ट जवळजवळ शंभर वर्षं पुढे ढकलली. नवं यान, नवी माणसं, कप्तान टकला आणि फ्रेंच नावाचा: पिकार्ड. जुने चाहते चिडले. पण १९८९ मध्ये त्यात एक भाग आला, मेलिंडा स्नॉडग्रास या वकिलीची पार्श्वभूमी असलेल्या लेखिकेचा. यानावर डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी आहे. एका संशोधकाला त्याला उघडून तपासायचं आहे, त्याच्यासारखे आणखी बनवायचे आहेत. डेटा नकार देतो. मग खटला उभा राहतो: डेटाला नकार द्यायचा हक्क आहे का, की तो आरमाराची मालमत्ता? माणसं कमी म्हणून डेटाचा मित्र रायकर यालाच त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागतं. तो भर न्यायालयात डेटाच्या पाठीवरची कळ दाबतो आणि डेटा दोरी तुटलेल्या बाहुलीसारखा पुढे कोसळतो. पिकार्डचा बचाव साधा आहे: एक डेटा कुतूहलाचा विषय, पण हजारो बनवून कामाला जुंपलेत तर त्याला गुलामगिरीच म्हणावं लागेल. आज यंत्रं बोलू-लिहू लागल्यावर हा भाग पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो. त्यात कर्कचं नावही नाही, आणि तरी १९६६ च्या 'स्टार ट्रेक'चा पिंड त्यात पुरेपूर उतरलाय.

पुढे याच पिकार्डच्या मंडळींना २०२३ मध्ये 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या हंगामात पुन्हा एकत्र आणलं. संग्रहालयात जपून पुन्हा उभं केलेलं जुनं यान, त्यावर पांढऱ्या केसांची ती सातही माणसं, आणि शेवटी पत्त्यांचा डाव, १९९४ च्या शेवटच्या भागात होता तसा. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. माहेरपणाला आलेल्या लेकीला आईच्या हातचं खाऊन वाटतं ते खोटं नसतं. पण त्या हंगामाने माझ्या डोक्यात एकही नवा विचार पेरला नाही. चार महिन्यांनी मला कथानक आठवेना, फक्त चेहरे आठवत होते.

ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'ला तर नावीन्य नाइलाजाने शिकावं लागलं. मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला, तेव्हा पंचविशीतला तरुण. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तीही तरुण. तीन वर्षांत नायक विल्यम हार्टनेल आजाराने थकला, तेव्हा लेखकांनी असं ठरवलं की परग्रहावरचा हा डॉक्टर मरणाच्या दारात आला की देह पालटतो. १९६६ मध्ये पडद्यावर हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठून बसला. त्या एका सोयीने मालिकेला साठ वर्षांचं आयुष्य दिलं, कारण दर काही वर्षांनी नायक, लेखक, सूर, सगळंच बदलणं तिच्या नियमात बसलं. त्या काळी बीबीसी चित्रफिती पुसून पुन्हा वापरायची. त्यात साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. आठवण जपायला मूळ वस्तूच उरली नाही तरी मालिका जगली, हे मला फार बोलकं वाटतं.

याच मालिकेत २०१८ मध्ये विनय पटेल या लेखकाने १९४७ च्या ऑगस्टमधल्या पंजाबात गोष्ट नेली. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान हिची आजी उम्ब्रीन एका हिंदू तरुणाशी, प्रेमशी, लग्न करते आणि त्याच दिवशी शेतातून सरहद्द आखली जाते. परग्रहवासी येतात, ते मारेकरी असावेत असं सगळ्यांना वाटतं. ते निघतात कुणीही जवळ नसताना मरणाऱ्यांच्या साक्षीला उभे राहणारे. प्रेमला मारतात ती त्याच्याच गावकुसातली माणसं. साठाव्या वर्षी मात्र हीच मालिका जुना लोकप्रिय डॉक्टर डेव्हिड टेनंटकडे परतली, आणि २०२५ मध्ये एन्कुटी गॅटवाच्या देहपालटानंतर समोर आली ती २००५ ची नायिका बिली पायपर. घर नवं बांधायचा परवाना हातात असताना जुन्या घराच्या चाव्या शोधाव्यात, तसं झालं.

जपानची 'गॉडझिला' इथे थोडक्यात सांगतो, कारण तिचा धडा स्वच्छ आहे. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी अणुचाचणीची राख 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षी इशिरो होंडाचा राक्षस समुद्रातून वर आला. पुढे तो लहान मुलांचा लाडका झाला, त्याची भीती गेली. २०१६ मध्ये हिदेआकी अन्नोने त्याला परत आणलं आणि निम्मा चित्रपट सरकारी बैठकांत घालवला, कारण २०११ च्या त्सुनामी आणि फुकुशिमानंतर जपानला खरी भीती निर्णय न होण्याची होती. २०२३ च्या 'गॉडझिला मायनस वन'ला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं, पण लोकांनी त्यात पाहिला तो युद्धातून जिवंत परतल्याची लाज घेऊन जगणारा वैमानिक. राक्षस सत्तर वर्षांचा, जखम दर वेळी ताजी.

आपल्या कीर्तनात पूर्वरंगात विचार मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. ध्रुवाचं आख्यान सगळ्यांना पाठ असतं. बुवा आज त्यातून काय काढणार, हे ऐकायला माणसं बसतात. पूर्वरंगच वगळून दर वेळी नुसतं आख्यान लावणाऱ्या बुवांपुढे किती दिवस गर्दी राहील? परदेशातल्या या बड्या मालिकांचं नेमकं हेच दुखणं आहे.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत अशी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी विज्ञानकथा-मालिका नाही. दीर्घायुषी नायक आहे तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पण त्याच्या कथा साहसाच्या. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी त्याचा चित्रपट केला, तेव्हा अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागला, आणि खुद्द भा. रा. भागवत हे पात्र दिलीप प्रभावळकरांनी रंगवलं. तिथे आठवणीला मान होता आणि विषय आजचा होता. मला तो मेळ आवडला. याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपुढे आणल्या. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचून किती जणांनी रात्री गच्चीवर आकाशाकडे मान वळवली असेल!

मराठी विज्ञानकथेचं घर म्हणजे दिवाळी अंक. तिथे एकेक कथा सुटी येते, पुढच्या वर्षी तिचा नायक परत येत नाही. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली १९६६ मध्ये, ज्या वर्षी 'स्टार ट्रेक' सुरू झालं त्याच वर्षी. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. परीक्षकांनी नावाकडे बघून निकाल देऊ नये म्हणून जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या साहित्यप्रकाराची दखल घेतली. केंब्रिजमध्ये नावाजलेल्या शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचा आधार न घेता, फक्त कल्पनेच्या जोरावर उभं राहायचं ठरवलं, ही मराठी विज्ञानकथेच्या उमेदीतली फार देखणी गोष्ट आहे.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मला या सगळ्या चर्चेचं मर्म वाटते. पानिपतइतकी खोल सल मराठी माणसाच्या मनात दुसरी नाही. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावाला गोळी लागली नसती तर, हे वाक्य वर्ध्याच्या बाजार ओळीतही कुणी ना कुणी बोलतं. नारळीकर ही इच्छा पुरी करतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि अशा जगात पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकले. गोळी विश्वासरावाच्या कानाजवळून गेली एवढाच फरक. पण त्या जगात हुरळून जायला जागा नाही. मुंबईत अजून कंपनीचा अंमल, इमारतींवर युनियन जॅक. पंत मुलाला शोधायला फोर्टातल्या कचेरीत जातात, तिथे त्या नावाचं कुणी नाही. संध्याकाळी आझाद मैदानावर पानिपतावर व्याख्यान चाललेलं असतं आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेले पंत हक्काने जाऊन बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांची प्रथा कधीच मोडीत काढली आहे, ते पंतांना टोमॅटो-अंडी मारून हाकलतात. परत आल्यावर पंतांच्या खिशात बखरीचं फाटलेलं पान उरतं, आणि त्यांचा स्नेही राजेंद्र देशपांडे त्यांना इलेक्ट्रॉनच्या अनिश्चिततेतून समजावतो, की इतिहासाला अनेक फांद्या असू शकतात.

मराठी मनातली सगळ्यात हळवी आठवण लेखकाने हातात घेतली आणि तिला नुसतं कुरवाळलं नाही. ज्या जगाची आस धरलीत, त्या जगात तुम्हाला कुणी ओळखत नाही, तुमची खुर्ची तिथे नाही. ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षं होती. माझ्या भाचीने ती तिथेच वाचली. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'तही हीच रीत: डावा-उजवा पालटण्याच्या भूमितीसाठी त्यांनी उदाहरण घेतलं ते घरच्या देव्हाऱ्यातलं.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वं संमेलन आमच्या वर्ध्यात भरलं, न्या. नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली. ग्रंथदालनात मी एका विक्रेत्याला नवी विज्ञानकथा मागितली. त्याने नारळीकरांची पुस्तकं पुढे केली. मी म्हटलं, ही आहेत घरी, गेल्या पाच वर्षांतलं काही? त्याने आतून शोधून फास्टर फेणेचा संच आणला. विकणाऱ्याचा दोष नाही, मागणारेच तेवढं मागतात. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, आणि त्यानंतरच्या लेखांत मला जाणवलं ते हेच, की आपण त्यांच्या कथांची आठवण काढतो, पण त्या कथांनी लावलेली सवय पुढे चालवत नाही. सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी या प्रकाराला आकार दिला. अरुण साधूंनी 'विप्लवा' लिहिली. आज लिहिणारेही आहेत. त्यांना वाचक आपण मिळवून द्यायला हवा.

जुनं राखायचं की बदलायचं, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. सेवाग्रामला बापू कुटी आहे तशी राखली आहे: मातीच्या भिंती, कवेलू, चटई. व्हॉइसरॉयशी बोलता यावं म्हणून आश्रमात बसवलेला दूरध्वनीही दाखवतात. ते तसंच राहावं, त्याला हात लावू नये, असंच मला वाटतं. पण खुद्द गांधीजी चरख्याशी असे वागले नाहीत. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी वाचण्यासारख्या आहेत: झोपडीत मावावा, हाताने किंवा पायाने चालावा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण शोध थांबला नाही. येरवड्याच्या तुरुंगातला पेटी चरखा, दोन चात्यांचा पायचरखा मगन चरखा, पुढे पन्नाशीच्या दशकात अंबर चरखा. १९३८ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात उघडलेल्या मगन संग्रहालयात हे चरखे ओळीने पाहिले की कळतं, की रूप दर वेळी पालटलं आणि प्रश्न तोच राहिला: खेड्यातल्या बाईच्या हाताला पोटापुरतं काम कसं मिळेल? दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने १९७६ पासून घरबांधणीत, शौचालयांत हाच शोध चालवला. कुटी राखणं आणि चरखा बदलणं, दोन्ही एकाच विचाराची कामं आहेत. लांबलचक मालिका चालवणाऱ्यांचा गोंधळ होतो तो चरखाही कुटीसारखा काचेआड ठेवल्यामुळे.

मराठीत विज्ञानकथेची एखादी दीर्घ मालिका व्हायची असेल तर तिची जागा मला याच जिल्ह्यात दिसते. देवळी-हिंगणघाटच्या वावरात २०१७ च्या हंगामात जे झालं ते कुठल्याही कथेपेक्षा कमी नव्हतं. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आला, २००६ मध्ये दुहेरी जनुकाचा. बोंडअळी संपली असं सगळ्यांनी धरलं. आणि २०१७ मध्ये पऱ्हाटी हिरवीगार उभी, फुलं मात्र न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली, कापूस कवडी झालेला. 'स्टार ट्रेक'मध्ये १९८९ पासून बोर्ग नावाचे शत्रू आहेत: पहिल्या वाराला मरतात, दुसऱ्याला जुळवून घेतात, तिसरा लागतच नाही. ते अळीने खऱ्या वावरात करून दाखवलं.

आणि त्यावरचा शास्त्रज्ञांचा उपाय त्याहून नवलाचा. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते बांधाकडेने लावायचं, आणि त्यावर अळीला मुद्दाम जगू द्यायचं, म्हणजे विषाला न जुमानणाऱ्या मोजक्या अळ्यांच्या पतंगांचा संग साध्या अळ्यांच्या पतंगांशी होऊन त्यांचं बळ विरळ होईल. शत्रूसाठी राखीव जागा! बहुतेकांनी ते छोटं पाकीट फेकून दिलं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने आपल्या वावरातल्या ओळी अळीला का द्याव्यात? फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही पऱ्हाटी राखून काढलेलं पीक, घेऊ नका म्हणून कृषी खातं दर हिवाळ्यात सांगतं, आणि शेवटच्या वेचणीचे चार पैसे सोडवत नाहीत म्हणून पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहते. यात शास्त्र आहे, लोभ आहे, लाचारी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा एक हुशार शत्रू आहे.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने कामगंध सापळ्यांबद्दल विचारलं: नर पतंगाला मादीचा खोटा वास देऊन पकडतात, तर शंभर वर्षांनी तो वास ओळखून टाळणारे पतंग निघाले तर? आणि त्यांच्या मागे लागलेली, कापसाचं बियाणं जपणारी एखादी बाई हिंगणघाटात असेल तर? तिने पहिलं प्रकरण लिहायला घेतलंय. त्या बाईच्या घरी एक जुना अंबर चरखा आहे, चालू स्थितीतला. तो चरखा तिने कशाला चालू ठेवलाय, हे अजून तिचं तिलाही ठरवायचं आहे.